बांधावरची डोरली

वैशाखाच्या ऐन उन्हात देशावरील एखाद्या गावाची शीव ओलांडून बाहेर पडावे, तर शेते नांगरून उघडी पडलेली असतात आणि बांधावरचे गवत गुराढोरांनी मुळापर्यंत खुडलेले असते. अशा त्या रखरखीत बांधावर एक झुडूप मात्र आपला पाला शाबूत राखून उभे दिसते. शेळ्यांचा कळप त्याच्याजवळून जातो. एखादी धीट शेळी तोंड पुढे करते, क्षणभर थबकते आणि मान फिरवून पुढे निघून जाते. ज्या प्राण्याने बाभळीचा आणि बोरीचा पाला खाऊन दाखविला, त्याने हार मानावी असे हे झुडूप म्हणजे डोरली. कोणी तिला मोठी रिंगणी म्हणतात, कोणी चिचुर्डी म्हणतात.

महसुलाच्या दप्तरात डोरलीच्या वसतीला एक नाव आहे : पोटखराबा. शेताच्या ज्या तुकड्यात पीक घेता येत नाही, जो तुकडा ओढ्याकाठचा, खडकाळ किंवा बांधालगतचा असतो, तो त्या नावाने सातबाऱ्यावर नोंदला जातो. जमिनीवर खराब असा शेरा पडला की तीवर उगवणाऱ्या वनस्पतींवरही तोच शेरा आपोआप बसतो. डोरलीच्या बाबतीत हा शेरा कितपत न्याय्य आहे, हे तिच्याकडे थोडे जवळून पाहिल्यावर ठरवावे.

डोरलीचे झुडूप साधारणतः चार-पाच फूट वाढते. पाने अंडाकृती, कडांना वेड्यावाकड्या खाचा असलेली, वरून हिरवी आणि खालून धुरकट पांढरी. हा धुरकटपणा बारीक लवेचा असतो. साध्या भिंगातून पाहिले तर त्या लवेतील प्रत्येक केस चांदणीसारखा अनेक टोकांचा दिसतो. फुले जांभळसर, पाच पाकळ्या एकमेकींस जोडून झालेल्या चांदणीच्या आकाराची, आणि त्यांच्या मधोमध पिवळ्या परागकोशांचा उभा जुडगा. फुलांचा घोस पानाच्या बगलेत येत नाही. तो दोन पानांमधल्या उघड्या कांडावरच फुटतो, आणि या कुळीची ओळख पटविण्यास ही खूण उपयोगी पडते. फळे वाटाण्याहून थोडी मोठी, गोल, कच्ची असता हिरवी आणि पिकल्यावर नारिंगी.

डोरलीची धाकटी बहीण रिंगणी किंवा भुईरिंगणी. ती उभी राहत नाही, जमिनीवर चौफेर पसरते. तिचे काटे सरळ, पिवळे, चकचकीत आणि इतके दाट की पानाला हात लावावयास जागा सापडू नये. डोरलीचे काटे संख्येने कमी, पण बुडाशी रुंद आणि टोकाशी आकड्याप्रमाणे वळलेले असतात. रिंगणीचा काटा टोचतो, डोरलीचा काटा टोचून धरूनही ठेवतो.

काटा हा शब्द आपण सरसकट वापरतो, परंतु वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लेखी सगळे काटे एका जातीचे नसतात. करवंदीचा काटा ही रूपांतर पावलेली फांदी होय. बाभळीचा काटा पानाच्या देठाशी असणाऱ्या उपपर्णांपासून बनतो. डोरलीचा काटा या दोहोंहून निराळा. तो गुलाबाच्या काट्याप्रमाणे केवळ सालीचा उद्गम असतो. खोडाच्या आतील लाकडाशी त्याचे नाते नसते, म्हणून जोर दिला की तो सालीसकट निखळून येतो. ज्या पृष्ठभागावर लव उगवते त्याच पृष्ठभागावर तो उगवतो. म्हणजे डोरलीची मऊ लव आणि तिचा काटा ही एकाच घरातील भावंडे ठरतात.

पण काटा ही डोरलीच्या बचावाची पहिली फळी आहे. दुसरी फळी तिच्या रसात आहे. पाने आणि कच्ची फळे यांत कडू, विषारी अल्कलॉइड द्रव्ये असतात. शेळी थबकते ती काट्यामुळे, आणि मान फिरविते ती या कडवटपणामुळे. पिकलेली फळे मात्र रंगाने पक्ष्यांस बोलावतात. पक्षी ती गिळतात, बिया दूरवर टाकतात, आणि पुढील पावसात दुसऱ्या कोणाच्या तरी बांधावर नवी डोरली उगवते. पाला राखावयाचा आणि बी वाटावयाचे, असा हा हिशेब आहे.

फुलाचा हिशेब याहूनही विलक्षण आहे. डोरलीच्या फुलात मध नसतो. पाहुण्यास देण्याजोगी वस्तू एकच, ती म्हणजे पराग. आणि तोही उघड्यावर मांडलेला नसतो. बहुतेक फुलांचे परागकोश उभे चिरून पराग बाहेर टाकतात. डोरलीच्या परागकोशाला मात्र टोकाशी दोन बारीक छिद्रे असतात, जणू मिठाची झाकणबंद डबी. ही डबी हलविल्याशिवाय रिकामी होत नाही. आपली मधमाशी येथे निरुपाय होते. परंतु काळा भुंगा येतो, परागकोशांचा जुडगा पायांनी घट्ट कवटाळतो आणि पंख न हलविता छातीचे स्नायू अतिशय वेगाने थरथरवितो. त्या कंपाने पराग छिद्रांतून भुरभुरत त्याच्या अंगावर पडतो. फुलाजवळ कान दिला तर भुंग्याचा नेहमीचा गुंजारव एकाएकी बदलून किंचित उंच, कर्कश होतो, तो हाच क्षण. वांग्याच्या शेतात सकाळी उभे राहिल्यास हाच आवाज ऐकू येतो, कारण वांग्याचे फूलही याच घडणीचे आहे.

वांग्याचे नाव येथे सहज आले नाही. डोरली, रिंगणी आणि वांगे ही तिन्ही एकाच प्रजातीतील, सोलॅनम या प्रजातीतील. बटाटा आणि टोमॅटोही तिच्यातच मोडतात. मिरची, तंबाखू, धोतरा, अश्वगंधा ही थोडी दूरची, परंतु त्याच कुलातील मंडळी. युरोपीय शास्त्रज्ञांनी हे नाते अठराव्या शतकात पक्के मांडले. पण भारतीय भाषांनी ते त्याच्या कितीतरी आधी ओळखले होते. गुजरातीत वांग्याला रींगण म्हणतात, आणि आपल्या रिंगणीचे गुजराती नाव भोंयरिंगणी. तमिळमध्ये वांगे कत्तिरिक्काय, आणि रिंगणी कंडंकत्तिरी. हिंदीत वांग्याचे एक नाव भंटा, आणि डोरली ही बनभंटा, म्हणजे रानातले वांगे. संस्कृतात तर वार्ताकी हे नाव वांग्यासही दिलेले आढळते आणि डोरलीसही. ज्या अनाम माणसांनी ही नावे ठेविली त्यांच्यापाशी सूक्ष्मदर्शक नव्हता. पण फूल, फळ आणि बी डोळसपणे पाहण्याची सवय त्यांना निश्चित होती.

शास्त्रीय नावांची कथा याहून गोंधळाची आहे. लिनियसने १७५३ मध्ये रिंगणीला सोलॅनम व्हर्जिनियानम असे नाव दिले. व्हर्जिनिया हा अमेरिकेतील प्रांत, आणि रिंगणी तर जुन्या जगाची रहिवासी ! १७६८ मध्ये बर्मन या डच वनस्पतिज्ञाने तिला सुरतेवरून सोलॅनम सुरात्तेन्से म्हटले. पुढे पिवळ्या फळावरून झँथोकार्पम हे नाव निघाले आणि भारतीय ग्रंथांत तेच दीर्घकाळ रूढ राहिले. नामकरणाच्या नियमाप्रमाणे मान जुन्या नावाला मिळतो. त्यामुळे आज शास्त्रीय कागदोपत्री आपली रिंगणी व्हर्जिनियाची ठरली आहे. डोरलीचे भाग्य उलटे. लिनियसनेच तिला सोलॅनम इंडिकम असे सार्थ नाव दिले होते, परंतु त्या एका नावाखाली निरनिराळ्या वनस्पती नोंदल्या जाऊ लागल्याने अखेर ते नाव बाद करण्यात आले. आता ती सोलॅनम व्हायोलेशियम या नावाने ओळखली जाते. दप्तरातील नोंद आणि प्रत्यक्ष वहिवाट यांत अंतर पडते, याचा अनुभव शास्त्रालाही चुकलेला नाही.

आयुर्वेदाच्या परंपरेत मात्र या दोघी बहिणींचे स्थान कधी डळमळले नाही. डोरली ही बृहती आणि रिंगणी ही कंटकारी. सालवण, पिठवण, डोरली, रिंगणी आणि गोखरू यांचे मिळून लघुपंचमूळ होते, आणि त्यात बेल, टेटू, शिवण, पाडळ व ऐरण यांची मुळे मिळविली म्हणजे दशमूळ. बाळंतिणीच्या खोलीत दशमुळाचा काढा किंवा दशमूलारिष्टाची बाटली ज्या घरांनी पाहिली आहे, त्या घरांत डोरली नकळत येऊन गेली आहे. खोकला आणि दमा यांवरील औषधांत रिंगणीची योजना जुनी आहे. रिंगणीच्या बियांची धुरी दुखऱ्या दाढेला देण्याचा प्रघात खेड्यापाड्यांतून होता. अर्थात विषाची मात्रा अंगी असलेल्या वनस्पतींचा प्रयोग जाणत्या वैद्यावाचून करू नये, हे वेगळे सांगावयास नको. जुन्या निघंटूंनी कंटकारीला व्याघ्री म्हटले, बृहतीला सिंही म्हटले, आणि तिला आणखी एक नाव दिले : दुष्प्रधर्षिणी, जिच्यावर चाल करून जाणे कठीण अशी. शेळीचा अनुभव त्या एका शब्दात सामावला आहे.

आधुनिक रसायनशास्त्रानेही या कुळीची दखल घेतली. तिच्या अनेक जातींत सोलॅसोडिन नावाचे द्रव्य मिळते आणि त्यापासून स्टेरॉइड वर्गातील औषधांचा कच्चा माल तयार करता येतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात याच कारणासाठी या प्रजातीतील एका काटेरी जातीची लागवड करण्यात आली. ज्या कडवटपणामुळे शेळी दूर राहिली, त्याच कडवटपणासाठी माणूस जवळ आला.

तथापि डोरलीचे खरे महत्त्व औषधापेक्षा वांग्याशी असलेल्या तिच्या नात्यात आहे. वांग्याचा निकटचा पूर्वज म्हणजे सोलॅनम इन्सानम हे काटेरी रानवांगे. ते वांग्याचे आईचे घर मानले, तर डोरलीला मावशी म्हणता येईल. हजारो वर्षे माणसाने बी निवडताना मोठे फळ निवडले, कमी कडू फळ निवडले आणि हाताला न टोचणारे झाड निवडले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले की, सायटोकायनिन हे वनस्पतींतील संप्रेरक तयार करणाऱ्या एका जनुकात बिघाड झाला म्हणजे काटे नाहीसे होतात. आणि वांग्याच्या लागवडीतील व रानटी गोतावळ्यात हा बिघाड किमान १६ वेळा, स्वतंत्रपणे घडून आलेला आहे. आपल्याकडील काटेरी वांग्याच्या देठावर आजही जे काटे राहिले आहेत, ते त्या जुन्या वैभवाचे अवशेष होत. बाजारात भरल्या वांग्यासाठी देठावरचा ताठ काटा पाहून वांगे पारखणारी गृहिणी एका परीने रानाचीच खूण तपासत असते.

निवडीत काटा गेला, कडवटपणा कमी झाला. परंतु त्याबरोबर पुष्कळसा कणखरपणाही गेला. आज शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीने वांग्याचा शेतकरी हैराण आहे. मर रोगाने उभे झाड एकाएकी माना टाकते. मुळांवर सूत्रकृमींच्या गाठी येतात. फवारण्यांचा खर्च वाढत जातो, आणि त्या औषधाचा अंश फळाबरोबर ग्राहकाच्या घरी पोहोचतो. अशा वेळी संशोधक वळतात ते रानातील नातेवाइकांकडेच. याच प्रजातीतील, मूळच्या अमेरिकेतील आणि भारतात रुळलेल्या एका काटेरी झुडपाच्या खुंटावर वांग्याचे कलम बांधले असता ते मर रोगाला टिकाव धरते, आणि अनेक देशांत ही रीत रूढ झाली आहे. दक्षिणेत सुंडक्काय म्हणून ज्याची फळे वाळवून तळतात, तेच हे झुडूप. डोरली आणि वांगे यांचा संकरही साधतो. मात्र कष्टाने, आणि त्या संकराची प्रजननशक्ती बहुधा क्षीण असते. मावशीकडून वारसा मिळविणे सोपे नसते, परंतु अशक्यही नसते.

जनुकांतरित बीटी वांग्याला तांत्रिक समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये मान्यता दिली आणि फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्र शासनाने तीस स्थगिती दिली, तेव्हा झालेल्या विचारात भारत हे वांग्याच्या वैविध्याचे घर आहे हा मुद्दा पुढे आला होता. त्या वादात कोणाचे मत काय होते हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट उरते. हे वैविध्य केवळ बाजारातील पन्नास आकारांच्या वांग्यांत नाही. ते बांधावरच्या, ओढ्याकाठच्या, कोणी न लावलेल्या झुडपांतही आहे.

आणि नेमके तेच झुडूप आज जागा गमावीत आहे. बांध अरुंद होत चालले आहेत. ओढ्यांचे काठ यंत्रांनी सरळ केले जातात. तणनाशकाचा फवारा शेतापुरता थांबत नाही, तो बांधावरही उडतो. औषधासाठी मूळ हवे असते, आणि मूळ काढावयाचे म्हणजे झुडूपच उपटावे लागते. डोरली अद्याप दुर्मिळ झालेली नाही, ती देशभर आढळते. परंतु सर्वत्र आढळणारी वस्तू कोणी मोजत नाही. आणि न मोजलेली वस्तू कमी होऊ लागली, तर ते ध्यानी येण्यास फार उशीर लागतो. बियाणे शीतगृहात उणे १८ अंशांवर जपून ठेवता येते, आणि ते ठेवावेही. पण शीतगृहातील बी नव्या रोगाशी झगडत नाही, नवा उन्हाळा सोसत नाही. ते शिक्षण बांधावरच मिळते.

शेताच्या कडेला चार-दोन हात जागा मोकळी सोडणे, मुळे काढणाऱ्याने पिकलेली फळे तेथेच चुरडून बी मातीत टाकणे, शाळेच्या सहलीत गुलमोहराबरोबर डोरलीचेही नाव मुलांस सांगणे, एवढ्याने पुष्कळ साधेल. यांपैकी कशालाही मोठा खर्च नाही. पोटखराब्याचा शेरा जमिनीपुरता खरा असेल. मात्र त्या जमिनीवर उभे असलेले हे काटेरी झुडूप वांग्याच्या पिकाची गंगाजळी राखून आहे. पुढच्या वैशाखात ते बांधावर दिसले, तर विळा उचलण्यापूर्वी क्षणभर थांबावे. शेळीदेखील तेवढे करते.