नादारी आणि दाराशीं उभी असलेली मोटार

दिवाळें म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें कुलूप लागलेली एखादी पेढी उभी राहते. परंतु आजच्या शहरी संसारांत दिवाळ्याची पहिली चाहूल पेढीवर लागत नाहीं, ती दाराशीं उभ्या असलेल्या मोटारीला लागते. एक हप्ता चुकतो, मग दुसरा चुकतो, गाडी बाहेर निघेनाशी होते, आणि कर्जानें गांजलेला गृहस्थ अखेर वकिलाकडे जातो, तेव्हां सर्व हिशेब सांगून झाल्यावर हळूच विचारतो, "गाडी तरी राहील ना?" या प्रश्नाला कोणी हंसूं नये. कित्येकांची उद्यांची भाकरी त्याच गाडीवर अवलंबून असते. म्हणून आज आपण त्याचें उत्तर शोधूं.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. नादारी ही शिक्षा नव्हे. ऋणकोनें आपलें सर्व कांहीं न्यायालयाच्या हवालीं करावें, तें धनकोंमध्यें हिश्शाप्रमाणें वांटलें जावें, आणि प्रामाणिक ऋणकोला पुढें कर्जांतून मोकळें करावें, असा हा व्यवहार आहे. पण 'सर्व कांहीं' याचा अर्थ अंगावरचें वस्त्रहि असा नाहीं. १९०८ सालच्या दिवाणी कार्यपद्धतीच्या कायद्यांतील साठावें कलम पाहा. ऋणकोचे व त्याच्या बायकामुलांचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाचीं भांडीं, अंथरूण-पांघरूण, धर्माचारानें स्त्रीला अंगावेगळे करतां येत नाहींत असे अलंकार, कारागिराचीं हत्यारें, शेतकऱ्याचीं औतें आणि उपजीविकेस अवश्य तेवढीं गुरें व बीं-बियाणें, यांवर जप्ती येत नाहीं. यादी मोठी माणुसकीची आहे. परंतु तींत मोटार नाहीं.

मुंबई, कलकत्ता व मद्रास या तीन शहरांसाठीं १९०९ चा कायदा आणि इतर मुलखासाठीं १९२० चा कायदा, हे दोन अद्यापि सामान्य माणसाच्या नादारीला लागू आहेत. १९०९ च्या मूळ कायद्यानें तर हत्यारें, कपडे, भांडीं व सामान मिळून ३०० रुपयांपर्यंतचीच सवलत दिली होती. ज्या काळीं बैल आणि करवत हींच पोटाचीं साधनें होतीं, त्या काळची ही दृष्टि. तेव्हां या जुन्या कायद्यांखालीं गाडी वांचेल असा भरंवसा कोणी देऊं नये, व कोणी दिल्यास तो धरूं नये.

पुढें २०१६ सालीं नादारी व दिवाळखोरीची नवी संहिता झाली. तिनें वगळावयाच्या मालमत्तेंत हत्यारें व पुस्तकें यांच्या जोडीला 'वाहनें' हा शब्द स्पष्टपणें घातला. वाहन ऋणकोच्या स्वतःच्या वापरास, अथवा नोकरी, धंदा किंवा व्यवसायास आवश्यक असावें, आणि त्यावर कोणाचा बोजा नसावा, अशा तिच्या अटी आहेत. समजा, एका इमारतींत दोन भाडेकरू आहेत व दोघांच्या गाड्या सारख्याच आहेत. एक त्याच गाडींतून औषधांचे नमुने घेऊन गांवोगांव हिंडतो. दुसऱ्याची रविवारच्या सहलीसाठींच बाहेर निघते. पहिल्याला आपली गरज न्यायालयापुढें ठामपणें मांडतां येईल. दुसऱ्याला तें जड जाईल. मात्र व्यक्तींच्या नादारीविषयींचा संहितेचा हा भाग १ डिसेंबर २०१९ पासून कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरताच अंमलांत आला. इतरांना तो अजून लाभलेला नाहीं.

आतां 'बोजा' या शब्दाकडे वळूं. बहुतेकांची अडचण तेथेंच आहे. कर्जानें घेतलेली गाडी सावकाराकडे नजरगहाण असते. ती असते आपल्या ताब्यांत, पण तिच्या नोंदणीपत्रावर सावकाराचें नांव चढलेलें असतें. असा तारणवाला धनको इतरांच्या रांगेंत उभा राहत नाहीं. तो गाडी विकून आपलें येणें वसूल करतो. कमी पडलें तर उरलेल्यापुरता रांगेंत येतो, आणि जास्त आलें तर तें इतर धनकोंचें होतें. मात्र गाडी ओढून नेण्यासाठीं त्यानें दांडगेश्वर धाडावे असा याचा अर्थ नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २००७ सालीं या प्रकाराला स्पष्ट शब्दांत दोष दिला आहे.

अशा वेळीं घरांत एक सल्ला हमखास निघतो : "गाडी वहिनींच्या नांवावर करून टाका." श्रोतेहो, हा सल्ला आपुलकीचा असतो, पण घात करणारा असतो. रास्त मोबदल्याशिवाय, नादार ठरण्यापूर्वीं दोन वर्षांच्या आंत केलेलें असें हस्तांतर न्यायालय रद्द करूं शकतें. लबाडीनें मालमत्ता लपविल्यास १९२० च्या कायद्यांत एक वर्षापर्यंतची कैद सांगितली आहे. शिवाय कर्जमुक्ति नाकारली जाण्याचें भय आहेच. चार चाकें वांचवितांना माणूस आपली सुटकाच गमावून बसतो.

मग करावें काय? गाडीचें मूल्य, तिच्यावरील देणें आणि तिच्यापासून होणारी मिळकत हीं तीन एका कागदावर मांडावीं. तिच्यावाचून पोट चालत असेल तर, अर्ज करण्याची पाळी येण्यापूर्वींच, सावकाराच्या संमतीनें ती उघडपणें व रास्त भावानें विकावी आणि पैशाचा चोख हिशेब ठेवावा. पोट चालत नसेल तर हप्ता लांबविण्याविषयीं सावकाराशीं वेळींच बोलावें. अर्ज झाल्यावर कोणा आप्ताला ती घ्यावीशी वाटली, तर त्यानें पूर्ण किंमत रिसीव्हरकडे भरून घ्यावी. आणि मुक्ततेपूर्वीं नवी गाडी घेण्याचा मोह टाळावा. त्या काळांत मिळविलेली मालमत्ताहि धनकोंचीच होते.

गाडी राहील किंवा जाईल. ज्यानें यादींत ती खरेपणानें लिहिली, त्याला ती गेल्यावरहि बसच्या रांगेंत ताठ मानेनें उभें राहतां येतें, आणि नव्या संसाराला तेवढें भांडवल पुरतें.