औषध एक की दोन?



२०१५ सालची गोष्ट. माझ्या ओपीडीत पन्नाशीच्या आतले एक शेतकरी आले. मांडीतल्या गाठीचं ऑपरेशन दीड वर्षापूर्वी झालं होतं. आता सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांत लहान लहान गाठी दिसत होत्या. मी एका औषधाची केमोथेरपी सुचवली. तेव्हा सोबत आलेले थोरले भाऊ म्हणाले, "मॅडम, पैशाचं आम्ही बघतो. एकाच्या जागी दोन औषधं द्या."

त्यांचं काय चुकलं? दोन बैल एकापेक्षा जास्त ओढतात, मग औषधांचं तसं का नाही? आज त्याविषयीच बोलू.

चरबी, स्नायू, रक्तवाहिन्या अशा मऊ भागांत सुरू होणारा कॅन्सर म्हणजे सॉफ्ट टिश्यू सार्कोमा. मोठ्या माणसांच्या शंभर कॅन्सरांमध्ये हा जेमतेम एक. पण त्याचे प्रकार पन्नासहून अधिक. तो पसरला की बहुतेक प्रकारांत पहिला आधार असतो डॉक्सोरुबिसिनचा. रुग्ण त्याला 'लाल औषध' म्हणतात. त्याच्या जोडीला आयफॉस्फामाइड द्यावं का, हा वाद कित्येक वर्षं चालला होता.

युरोपातल्या संशोधकांनी २००३ ते २०१० या काळात साठीपर्यंतच्या ४५५ रुग्णांची पाहणी केली. निम्म्यांना एक औषध, निम्म्यांना दोन. निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. गाठ लक्षणीय आटली, ती एका औषधाने शंभरातल्या १४ जणांची, दोन औषधांनी २६ जणांची. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मधला काळ ४.६ महिन्यांवरून ७.४ महिन्यांवर गेला. पण आयुष्य? एका गटात मध्यमान १२.८ महिने, दुसऱ्यात १४.३. हा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो, इतका लहान. आणि पांढऱ्या पेशी घटून ताप येण्याचं प्रमाण शंभरात १३ वरून थेट ४६ वर गेलं.

म्हणजे दोन औषधं गाठ जास्त आटवतात, पण आयुष्य तेवढं वाढवतातच असं नाही. गाठ नसेवर दाबत असेल, धाप लागत असेल, किंवा थोडी आटली तर ऑपरेशन शक्य असेल, तर दोन औषधांचा त्रास सोसण्यात अर्थ आहे. लहान मुलांच्या रॅब्डोमायोसार्कोमात तर अनेक औषधं एकत्र दिल्याशिवाय भागत नाही. लायोमायोसार्कोमा या प्रकारात डॉक्सोरुबिसिनला ट्रॅबेक्टेडिनची जोड दिली, तेव्हा मध्यमान आयुष्य २४ महिन्यांवरून ३३ महिन्यांवर गेलं. फ्रान्समधला हा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्रास त्यातही वाढलाच. म्हणून आधी तुकड्याच्या तपासणीत नेमका प्रकार कळायला हवा.

आमच्या रुग्णाचा प्रकार वेगळा होता. त्यांना ना धाप होती, ना खोकला. मी दोघांना सगळे आकडे सांगितले. आतापर्यंत गप्प बसलेल्या रुग्णाने विचारलं, "दोन घेतली तर दवाखान्यात किती दिवस?" मी म्हटलं, दर तीन आठवड्यांनी तीन-चार दिवस. शिवाय मध्ये ताप आला, तर रात्रीसुद्धा यावं लागेल. गाव साठ किलोमीटरवर. ते म्हणाले, "मग एकच द्या. मला घरी राहायचंय." थोरल्या भावाला ते पटलं नाही.

रुग्ण त्यानंतर सव्वा वर्ष होते. बराच काळ घरी, शेताच्या बांधापर्यंत जात-येत. पुढे भाऊ भेटायला आले, तेव्हा त्यांनी विचारलंच, "दोन दिली असती तर?" आकडे पाहता फार फरक पडला नसता, एवढंच मी सांगू शकले. एका माणसाबद्दल छातीठोकपणे सांगणं कुणालाच शक्य नसतं.

श्रोतेहो, अशी वेळ घरात आली, तर 'सगळ्यात कडक औषध द्या' असं म्हणण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. सार्कोमाचा प्रकार कोणता? या उपचारातून काय साधायचं आहे: गाठ आटवणं, त्रास कमी करणं की आयुष्य वाढवणं? आणि त्यासाठी किती दिवस दवाखान्यात जातील? केमोथेरपी चालू असताना ताप आला, तर घरच्या गोळीवर रात्र काढू नका. लगेच दवाखाना गाठा.

आणि हे सगळं विचारताना रुग्णालाही बोलू द्या.