हातच्या कांकणाला आरसा
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे आपण म्हणतो. कांकण हातात असले म्हणजे ते कसे आहे हे डोळ्यांना दिसते आणि मनगटाला कळते. परंतु हल्ली कांकण एकीच्या हातात आणि घेणारी दुसऱ्याच गावी, असा व्यवहार सुरू झाला आहे. आपल्यापैकी पुष्कळ जणी मोत्यांचे दागिने, खणाच्या पर्स, असे काही ना काही करून मोबाइलवरून विकतात. तुळशीबागेत आलेली बाई नथ उचलते, उलटी करून पाहते, चाप दाबून बघते आणि मगच भाव विचारते. मोबाइलवरच्या गिऱ्हाइकाला यांतले काहीच करता येत नाही. तिला आरसाच लागतो, आणि तो आरसा म्हणजे आपण काढलेला फोटो. त्याविषयी अनुभवाच्या चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

पहिली अडचण येते ती गळ्याची. मोठ्या दुकानांतून दागिने घालायला पुतळे असतात. ते आपल्याला परवडत नाहीत, आणि दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात ठेवणार तरी कोठे? मग घरातल्या मुलीला समोर बसवावे असे वाटते. मीही एकदा तसे केले. परंतु फोटो एकदा बाहेर गेला की तो कोणाकोणाच्या मोबाइलमध्ये जाईल याचा हिशेब आपल्या हाती राहत नाही. दागिना विकायला आपण आपल्या लेकीबाळींचे चेहरे का पाठवावेत? तेव्हा तो विचार मी सोडून दिला.

आमच्या शेजारच्या एक बाई ठुश्या आणि मंगळसूत्रे ओवतात. मणी रविवार पेठेतून आणतात. ओवण्यात त्यांचा हात धरणारे आमच्याकडे कोणी नाही. यजमान वारल्यापासून त्यांचे घर त्यावरच चालले आहे. एके दिवशी मंगळसूत्राचा फोटो काढावयाचा होता. मी सहज म्हटले, "वहिनी, तुम्हीच घाला ना गळ्यात, मी काढते." त्या खाली मान घालून म्हणाल्या, "ताई, मी ओवलेले चालते हो लोकांना. मी घातलेले चालत नाही." मला पुढे बोलता येईना. त्या दुपारी आम्ही दोघींनी मिळून पुठ्ठ्याचा गळा केला.

तो कसा केला ते सांगते. साडीच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्यावा. त्यावर गळा आणि दोन खांदे काढून कापावे. त्याला काळे सुती कापड घट्ट ताणून डकवावे. वरच्या कडेला दोन बाजूंस दोन खाचा पाडाव्या, म्हणजे दागिन्याची दोरी त्यांत अडकवून मागे बांधता येते. पाठीमागे, टेबलावरच्या तसबिरीला असतो तसा पुठ्ठ्याचा पाय लावावा. लांब मंगळसूत्र, मोहनमाळ यांना एवढे पुरे होते. ठुशी आणि चिंचपेटी मात्र गळ्याला लपेटून बसणारे दागिने. ते सपाट पुठ्ठ्यावर मेल्यासारखे दिसतात. त्यांच्यासाठी घरातला गोल डबा घ्यावा. त्याचा घेर मोजपट्टीने १३ ते १४ इंच भरला, म्हणजे तो बाईच्या गळ्याच्या मापाचा झाला. त्याला कापड गुंडाळून त्यावर ठुशी बांधावी.

आमचा फोटो उत्तम आला असे आम्हांला वाटले. मागणीही आली. आणि आठ दिवसांनी ठुशी परत आली! घेणाऱ्या बाईंनी कळविले की फोटोत मणी टपोरे होते, हातात आले ते बारीक. आम्हांला प्रथम राग आला. मग मी तो फोटो पुन्हा पाहिला. ठुशी मोठी दिसावी म्हणून मी मोबाइल अगदी तिच्या तोंडाशी नेला होता, त्यामुळे पुढचे मणी फुगून आले होते. शेजारी मापाला काहीच नव्हते. चूक त्या बाईंची नव्हती, माझी होती. आणि जाण्यायेण्याचा टपालखर्च पडला तो वहिनींच्या अंगावर. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, ही म्हण आपण दुसऱ्याला ऐकवितो. त्या दिवशी ती मी स्वतःला ऐकविली.

आता आम्ही हातभर अंतरावरून फोटो काढतो, आणि मोबाइलमध्ये दुप्पट जवळ आणण्याची सोय असते ती वापरतो. त्याने आकार बिघडत नाही. प्रत्येक वस्तूचा एक फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून घेतो. पट्टी नसेल तर १० रुपयांचे नाणे ठेवावे. ते २७ मिलिमीटर रुंदीचे असते आणि सगळ्यांच्या ओळखीचे असते.

बांगड्यांचे माप तर लिहिलेच पाहिजे. आपण दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ असे कासाराला सांगतो, पण त्याचा अर्थ पुष्कळ जणींना ठाऊक नसतो. रुपयाचे जसे सोळा आणे, तसे येथे इंचाचे सोळा भाग धरतात. दोन-चार म्हणजे २ इंच आणि वर ४ भाग, म्हणजे आतून सव्वादोन इंच. दोन-आठ म्हणजे अडीच इंच. मोजावयाचे ते आतल्या बाजूने, कडेपासून कडेपर्यंत.

दुसरी गोष्ट उजेडाची. ऊन थेट पडले की मोती पांढरेफटक होतात आणि सावली काळी पडते. खिडकीजवळ, पण ऊन नसेल अशा जागी बसावे. ऊन येतच असेल तर खिडकीवर पांढरा पंचा बांधावा. खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करावा, म्हणजे उजेड परतून सावली निवळते. त्या वेळी घरातला दिवा मालवावा, कारण दिव्याचा आणि दिवसाचा उजेड एकत्र झाला की रंग बिघडतो. मोबाइलचा फ्लॅश तर लावूच नये. आणि भगिनींनो, आधी मोबाइलची काच पुसा! फोडणीचे बोट लागलेल्या काचेतून सगळे जग धुक्यातले दिसते.

चकचकीत दागिना हा स्वतःच आरसा असतो. मी एकदा लाल साडी नेसून पाटल्यांचा फोटो काढला, तर पाटल्यांवर माझी साडी उमटली. त्यावर उपाय असा, की पांढऱ्या कागदाला मोबाइलच्या काचेएवढे भोक पाडावे, आणि तो कागद मध्ये धरून भोकातून फोटो घ्यावा.

बाकीची साधने स्वयंपाकघरात आहेत. लाटणे दोन डब्यांवर आडवे ठेवून त्यात बांगड्या ओवाव्या. एकच बांगडी उभी करावयाची असेल तर मागे शाडूच्या मातीचा बारीक गोळा लावावा. झुमके आडवे ठेवू नयेत. पुठ्ठ्याला दोन भोके पाडून लोंबते ठेवावे, म्हणजे लांबी कळते. पर्स असेल तर आत जुनी वर्तमानपत्रे भरावी, म्हणजे ती पोट धरून उभी राहते. एक फोटो तिचे तोंड उघडून घ्यावा, म्हणजे अस्तर आणि कप्पे दिसतात. मोत्यांना गडद कापड, काळ्या मण्यांना फिकट कापड. खणावर नथ ठेवण्याची सध्या हौस आहे, परंतु खणाची नक्षी नथीला गिळून टाकते. एक फोटो हौसेचा जरूर काढावा. पण दुसरा साध्या कापडावर असावा. आपल्या स्वारगेटपासून जवळच, शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. तेथे जुने दागिने एकदा निवांत पाहून या. घालणारी कोणी नसते, तरी दागिना डोळ्यांत भरतो.

शेवटचा फोटो पाठीमागचा. नथ चापाची आहे की टोचलेल्या नाकाची, कुड्यांची फिरकी कशी आहे, ठुशीला गोंड्याची दोरी आहे की साखळी, हे सगळे मागेच असते. आपण ते लपवितो आणि मग माल परत येतो. एखादा मणी किंचित डागाळलेला असेल तर त्याचाही फोटो द्यावा आणि भाव कमी सांगावा. रंग उठावदार करण्याची कळ मोबाइलमध्ये असते, तिला हात लावू नये. २०२० साली केंद्र सरकारने ऑनलाइन व्यापारासाठी ग्राहक संरक्षणाचे नियम केले आहेत. वस्तू जाहिरातीत दाखविली तशी नसेल तर ती परत घेण्यास विक्रेत्याला नाही म्हणता येत नाही, असे त्यांत आहे. कायदा नसता तरी आपला शब्द होताच. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असे आपल्या फोटोला कोणी म्हणू नये.

असे फोटो देऊ लागल्यापासून वहिनींची एकही ठुशी परत आलेली नाही. त्यांचा पुठ्ठ्याचा गळा कोपऱ्यात कायम उभा असतो. तो पाहिला की मला त्यांचे ते बोलणे आठवते. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामपंचायतीने ठराव केला, की पती वारल्यावर बाईचे मंगळसूत्र काढणे, कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसे आवाहन केले. एका खेडेगावाला हे सुचले, आणि आपण तर पुण्यात राहतो.

पुठ्ठ्याचा गळा फोटोपुरता ठीक आहे. त्याने पैसे वाचतात आणि लेकीबाळींचे चेहरे घरात राहतात. परंतु ज्या हातांनी ठुशी ओवली, त्या बाईला ती गळ्यात घालता येऊ नये म्हणून आपण पुठ्ठा कापीत बसलो, तर तो हुशारीचा उपयोग नव्हे. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या मंडळाने आमंत्रण देताना कोणालाही वगळू नये, एवढी माझी विनंती आहे. वहिनींनी स्वतःसाठी एक ठुशी ओवून ठेवली आहे. फोटोसाठी नव्हे. ती घालून त्या येथे, आपल्यामध्ये बसाव्यात, असे मला फार वाटते.