चेहऱ्यावरची निळी जन्मखूण

मूल जन्मतःच तोंडावर डाग घेऊन आलें, कीं आपल्याकडे पहिला प्रश्न आईस विचारला जातो: "ग्रहणांत सुरी हातीं घेतली होतीस काय?" माझ्या वर्गांतील एका मुलीच्या उजव्या डोळ्याभोंवतीं व गालावर शाईच्या रंगाचा डाग होता. तिची आई तो आपलाच अपराध समजे. कोणी टक लावून पाहूं नये म्हणून मीं त्या मुलीस उजवा गाल भिंतीकडे येईल अशा जागीं बसविलें. तेव्हां ती दया वाटली. आज तिची लाज वाटते.

या डागास 'ओटाचा नीव्हस' म्हणतात. जपानी डॉक्टर मासाओ ओटा यांनीं १९३९ सालीं त्याचें वर्णन केलें. हेच गृहस्थ किनोशिता मोकुतारो या टोपणनांवानें कविता व नाटकें लिहीत. हा डाग बहुधा चेहऱ्याच्या एकाच बाजूस असतो, व आशियांतील लोकांत, त्यांतही स्त्रियांत, अधिक आढळतो. त्याचें कारण ग्रहण नव्हे. त्वचेच्या वरच्या थरांत असावयाच्या रंगद्रव्याच्या पेशी येथें खालच्या थरांत असतात, आणि काळें द्रव्य खोलवरून निळसर दिसतें. सोलापुरी चादरीची नक्षी विणींतच असते, ती घासून जात नाहीं. तद्वत् लेप व उटणीं येथें व्यर्थ होत.

मात्र प्रकाश तेथवर पोहोंचतो. १९६० सालीं मेमन यांनीं माणकाच्या स्फटिकापासून पहिला लेसर किरण निर्माण केला. १९८३ सालीं अँडरसन व पॅरिश यांनीं दाखविलें, कीं योग्य रंगाचा प्रकाश अत्यल्प काळ सोडला, तर रंगद्रव्य तेवढेंच तापून फुटतें व आसपासची त्वचा बहुतांशीं वांचते. हे कण शरीर हळूहळू वाहून नेतें. म्हणून कांहीं महिन्यांच्या अंतरानें अनेक बैठकी घ्याव्या लागतात. आपल्या सांवळ्या त्वचेस १०६४ नॅनोमीटरचा किरण अधिक मानवतो. तरीही कधीं काळे वा पांढरे चट्टे उठतात; यास्तव तज्ज्ञ डॉक्टर गांठावा, व सोलापूरच्या उन्हापासून चेहरा जपावा.

आणखी एक गोष्ट विसरूं नये. कित्येकदां डोळ्याच्या पांढऱ्या भागावरही ही छटा असते, व कांहींना पुढें काचबिंदू होतो. म्हणून डाग काढावयाचा असो वा नसो, नेत्रतज्ज्ञाकडून डोळे नियमित तपासून घ्यावेत.

डाग काढावा कीं ठेवावा, हें ज्याचें त्यानें ठरवावें. आईवर ठेवलेला दोष मात्र आपण आजच काढून टाकला पाहिजे.