निचऱ्याचा माणूस



माती तपासण्यात उभा जन्म घालवलेल्या माणसाला तुम्ही कृषी पदवीधरांच्या या परिषदेचे अध्यक्षपद दिलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. बियाण्यांवर, बाजारभावावर बोलणारे जाणकार इथे पुष्कळ बसले आहेत. मी एकाच विषयावर बोलणार आहे : शेताबाहेर काढायचे पाणी.

नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि भाटघर धरणाचे पाणी पुरंदर, बारामती, इंदापूरच्या अवर्षणी पट्ट्यात खेळू लागले. साडेपाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडणारा हा मुलूख. इथल्या माणसाने ते पाणी डोक्यावर घेतले, यात नवल नाही. पण पंचवीस वर्षांतच, १९१० मध्ये, पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांना नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. त्याच्याही आधी विश्वेश्वरय्यांनी या कालव्यावर ब्लॉक पद्धत आखली होती. पाणी ठरावीक तुकड्यांत द्यायचे, त्या तुकड्यांत पिकांची फेरपालट करायची, सगळे रान बारमाही उसाखाली जाऊ द्यायचे नाही, असा त्यामागचा हिशेब. म्हणजे दुखणे आणि त्याचे पथ्य, दोन्ही आपल्याला शंभर वर्षांपूर्वीच माहीत होते. पथ्य पाळायला लावणारा माणूस मात्र आपण नेमला नाही.

दुखणे कसे लागते, ते विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. खोल काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण मोठे. पाणी खाली जायला फार वेळ घेते. पाटाचे पाणी वर्षानुवर्षे पाळीमागून पाळी देत राहिले की भूजल वर चढते. मग उन्हाळ्यात जमीन ते पाणी वर ओढते. पाणी उडून जाते, क्षार वरच राहतात. चैत्रात सकाळी शिवारात जा. उसाच्या सरीच्या माथ्यावर पांढरी बुकटी दिसेल, तर ती क्षारयुक्त जमीन. पृष्ठभाग राखाडी-काळसर, तेलकट दिसला, पाऊस पडल्यावर पाणी तासन्‌तास साचून राहिले आणि वाळल्यावर माती दगडासारखी झाली, तर ती चोपण. क्षारयुक्त जमिनीला निचरा काढून गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढणे पुरते. चोपणाला निचऱ्याबरोबर जिप्सम लागते, कारण तिथे मातीच्या कणाला चिकटलेला सोडियम हटवायचा असतो. तो १५ टक्क्यांच्या वर गेला आणि सामू साडेआठ ओलांडून गेला, म्हणजे जमीन चोपण झाली असे आपण धरतो.

इंदापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने दोन उन्हाळे ओळीने ट्रॉलीच्या ट्रॉली जिप्सम पसरले. दुकानदाराने सांगितले आणि त्याने टाकले. मी गेलो तेव्हा आम्ही गिरमिटाने फूट-फूट खाली उतरत नमुने काढले. प्रत्येक थराची माती गोणपाटावर पसरून कालवली, चार भाग केले, समोरासमोरचे दोन काढून टाकले, आणि असे करत अर्धा किलो उरवली. चौथ्या फुटाला भोकात पाणी लागले. सोडियम बेताचाच होता, क्षार मात्र भरपूर. जिप्समचा पैसा मातीत गेला होता. हवा होता तो चर, आणि चराचे तोंड ज्या ओढ्यात सोडायचे तो ओढा दोन बांध पलीकडे बुजवलेला होता.

मृदा आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ मध्ये आली. तिच्यामुळे माती तपासण्याची सवय लागली, हे मी मनापासून मानतो. पण पत्रिकेतल्या बारा घटकांमध्ये सामू आहे, क्षारता आहे, सोडियम नाही. भूजल किती फुटांवर आहे, हेही नाही. बागायत पट्ट्यात नेमक्या याच दोन गोष्टी आधी कळायला हव्यात.

आता धोरणाकडे वळतो. उसाला भाव मिळतो टनावर. एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, ठरते ती संपूर्ण कारखान्याच्या सरासरी साखर उताऱ्यावर, त्यामुळे एकट्याने रसाची प्रत राखली तर त्याच्या पदरात वेगळे काही पडत नाही. पाणी मागणीचा सात नंबरचा अर्ज भरून पाटाचे पाणी घेतले, तर पाणीपट्टी पिकावर आणि क्षेत्रावर. पाणी किती मापाचे घेतले, हे विचारतो कोण? दर आणि पाणीपट्टी, दोन्ही शेतकऱ्याला सांगतात की सोड पाणी. वरच्या अंगाचे रान असे बुडत असताना कालव्याच्या टेलला असलेल्या इंदापूरच्या गावांत पाळीची वाट बघत पिके करपतात. शेतकऱ्याला दोष देणे मला मान्य नाही. त्याला थांब म्हणणारे कुणी आपण ठेवलेलेच नाही.

इथे तुमच्या नोकरीचा प्रश्न येतो. पदवी घेतलेली मुले एक तर स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसतात, नाही तर औषध कंपनीचे विक्रीचे टार्गेट गाठत फिरतात. दोन्ही कष्टाची कामे आहेत. तरी चार वर्षे मृदाशास्त्र शिकलेल्या मुलीने औषधाच्या बाटल्याच विकाव्यात, याचे मला फार वाईट वाटते. कारखान्याचा चिटबॉय उसाची नोंद घेतो, लागणीची तारीख लिहितो, तोडीची चिठ्ठी देतो. त्या नोंदीत भूजलाचा एक रकाना वाढवला, तर त्यासाठी शिकलेला माणूस लागेल. त्याला गिरमिट चालवता यावे, डम्पी लेव्हल लावता यावी, सच्छिद्र पाईपला उतार देता यावा. आणि चार भावकीच्या बांधांवरून सामाईक चर नेताना सगळ्यांना एका झाडाखाली बसवता यावे. हे शेवटचे काम सर्वांत अवघड, कारण एकट्याच्या चराचे पाणी शेजाऱ्याच्या रानात जाते आणि तिथेच भांडण पेटते.

अप्पासाहेब पवारांच्या काळात, १९७१ पासून, कृषी विकास प्रतिष्ठानने जिरायत बारामतीत पाणी अडवण्यासाठी आणि ते काटकसरीने वापरण्यासाठी माणसे उभी केली. माळेगाव खुर्दला २००९ मध्ये अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था आली. तिने खडकाळ माळावर बाग उभी करून दाखवली. आज इथल्याच कृषी विज्ञान केंद्राने कृत्रिम बुद्धिमत्ता उसात उतरवली आहे, मातीतला ओलावा मोबाईलवर दिसतो. मला त्याचा अभिमान आहे. मात्र ओलावा जास्त आहे असे यंत्राने सांगितल्यावर ओढा मोकळा करायला माणूसच जाणार, आणि ती जागा अजून कुठल्याही आस्थापनेवर मंजूर नाही.

म्हणून दुपारच्या सत्रात मी ठराव मांडणार आहे. बागायत पट्ट्यातल्या प्रत्येक कारखान्याने गट कार्यालयागणिक एक निचरा तंत्रज्ञ नेमावा. पावसाळा संपल्यावर आणि मे महिन्यात, असे वर्षातून दोनदा भूजल मोजून गावात फलकावर लावावे. सामाईक चराचा आणि ओढा मोकळा करण्याचा खर्च शासनाने उचलावा. शेतातल्या पाईपचा शेतकरी उचलेल. शेवटच्या वर्षाच्या कार्यानुभवात प्रत्येक विद्यार्थ्याने निदान एका शिवाराचा निचरा आराखडा करावा. मुख्य शेतकी अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे, त्यांनी आपापल्या गटातल्या क्षारपड क्षेत्राची गटनंबरवार यादी घेऊन त्या सत्राला बसावे. ठरावाबरोबर ती यादीही जोडून पाठवायची आहे.