स्वागताध्यक्षांचे भाषण : जाणूनबुजून घेतलेले निर्णय

परिषदेचे आदरणीय अध्यक्ष, उद्घाटक, व्यासपीठावरील मान्यवर, पाळकसाहेब, बाहेरगावाहून आलेले समुपदेशक बंधुभगिनी आणि नगरकर हो,

कागदोपत्री आता आमचे शहर अहिल्यानगर झाले आहे. जिभेवर अजून नुसते नगरच येते, तेव्हा आज दोन्ही चालवून घ्यावे.

मी कापडाचा व्यापारी. मापे घ्यावीत, ठाण उलगडावे, भाव सांगावा, एवढीच माझी विद्या. धर्माने ख्रिस्ती नाही, समुपदेशनाचा अभ्यास नाही. असे असताना ‘अवघड निर्णय आणि श्रद्धेचे बळ’ या विषयावरच्या परिषदेचा स्वागताध्यक्ष मला का केले, हे मी संयोजकांना विचारले. ते म्हणाले, मंडपवाला तुमचे ऐकतो. कारण प्रामाणिक होते, म्हणून मी होकार दिला.

स्वागताध्यक्षाने गावाचे कौतुक करायचे असते आणि मला ते करायला आवडतेही. २८ मे १४९० हा आमच्या शहराचा स्थापनादिन. मलिक अहमदने बहामनी फौजेला हरवले आणि सीनेच्या काठी, विजयाच्या जागीच, राजधानी मांडली. खापराच्या नळांनी डोंगरातले पाणी शहरात आणले. आज टँकरची वाट पाहताना ती गोष्ट आम्ही मुलांना मुद्दाम सांगतो. मोगल चालून आले तेव्हा चांदबिबीने किल्ला लढवला. सुरुंगाने तट फुटला, तो रातोरात बांधून काढला. तिच्या तलवारीची आठवण सगळे काढतात. मला मात्र १५९६ सालचा तिचा तह मोठा वाटतो. वऱ्हाड देऊन तिने नगर वाचवले. देऊन टाकायला लढण्यापेक्षा जास्त छाती लागते. पुढे तिच्याच माणसांनी तिला मारले, हेही नगरचेच. याच किल्ल्यात १९४२ नंतर बंदिवासात नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले आणि मौलाना आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’ची पत्रे लिहिली. उद्या दुपारी किल्ल्याची सहल ठेवली आहे. टोप्या आणाव्यात, सावली कमी आहे.

पण आपल्या विषयाचे नगर किल्ल्यातले नाही. ते मिशन कंपाउंडातले आहे. डिसेंबर १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने इथे ठाणे केले. आलेल्या मिशनऱ्यांपैकी विल्यम हर्वी दुसऱ्याच वर्षी पटकीने गेले. सुरुवातच अशी. तरी मिशनने गाशा गुंडाळला नाही. १८३३ साली इथे ख्रिस्ती मंडळी स्थापन झाली आणि १८४२ साली हेन्री बॅलन्टाइन यांनी ‘ज्ञानोदय’ सुरू केला. मराठी नियतकालिकांचा इतिहास लिहिणाऱ्यांना मुंबई-पुणे सोडून नगरला यावे लागते, ते या ‘ज्ञानोदया’मुळे.

आता मी माझ्या आवडत्या बाईंकडे येतो. संयोजकांनी मघाशीच घड्याळ दाखवले आहे. तरीही येतो.

त्यांचे नाव सिंथिया फरार. आमच्या बाजारात कुणालाही विचारा, चांदबिबी सगळ्यांना ठाऊक, फरारबाई कुणाला ठाऊक नाहीत. जन्म १७९५, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या एका लहान गावी. पेशा शिक्षिकेचा. हे मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाने हिंदुस्थानात पाठवलेल्या त्या पहिल्या अविवाहित शिक्षिका. मिशनऱ्याची बायको म्हणून येणे वेगळे. एकटीने, तिशी ओलांडल्यावर, मुलींच्या शाळा बघायला समुद्र ओलांडणे वेगळे. १८२७ साली त्या मुंबईला आल्या. त्याच वर्षी जोतीराव फुले जन्मले. हा योगायोग मी आमच्या गणेशोत्सवाच्या व्याख्यानमालेतही सांगत असतो, आणि लोक चिवडा खात ऐकतात.

दहा वर्षांनी प्रकृती खालावली आणि फरारबाई मायदेशी परतल्या. इथवरची गोष्ट बऱ्याच मिशनरी चरित्रांसारखीच. मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. १८३९ मध्ये त्या पुन्हा आल्या, आणि या खेपेस थेट नगरला. पहिल्या वेळी येताना माणसाला काय ठाऊक असते? नकाशा, थोडे ऐकीव, बाकी सगळी उमेद. दुसऱ्या वेळी मात्र त्यांना सगळे माहीत होते. इथला उन्हाळा माहीत होता, पटकी माहीत होती, सोबतच्यांची थडगी माहीत होती. मुलीला शाळेत पाठवा म्हटले की आया कशा दार लावून घेतात, तेही माहीत होते. नगरवरून जाणारी दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली १८७८ साली, म्हणजे तेव्हा नगरपर्यंतचा प्रवास घाटातून आणि धुळीतून. एवढे ठाऊक असून त्यांनी पुन्हा गलबतात पाय ठेवला. पुढे १८६२ मध्ये त्या इथेच वारल्या. आपण समुपदेशक आहात, आपले मत वेगळे असू शकेल. मला विचाराल तर पहिल्या होकारात निम्मा उत्साह असतो. विश्वासाचे बळ किती, ते दुसऱ्या होकारात दिसते.

१८४८ साली एकवीस वर्षांचे जोतीराव नगरला आले. त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे तेव्हा इथे होते. दोघांनी फरारबाईंची शाळा पाहिली. पुण्याला परतून जोतीरावांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिकवण्याचे शिक्षण फरारबाईंकडे घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. भिडे वाड्याच्या जागी फुले वाहताना नगरचा एखादा हार या बाईंसाठीही असावा, अशी माझी जुनी मागणी आहे. यापूर्वी तीन महापौरांसमोर ती केली, आज चौथ्यांसमोर करतो.

आता टिळक. त्यांच्याविषयी या सभेत मी काय सांगावे? रेव्हरंड नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावच्या गाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. घर सुटले, जात सुटली, बायको-मुलगा दुरावले. मग ते नगरला मिशनच्या डॉ. ह्यूम यांच्याकडे आले. आपल्याकडे अशा निर्णयाची पूजा बांधायची चाल आहे. मी जरा बिचकतो. टिळकांच्या धाडसाची अर्धी किंमत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मोजली, तीही विचारले गेले नसताना. त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हे सांगायला नको. हसवता हसवता बाई केवढे दुःख सांगून जातात! बापाच्या घरी सोवळ्याचा आणि धुण्याचा अतिरेक. अशा घरातून आलेली मुलगी पंढरपुरात नातलगांमध्ये दिवस काढते, आणि नवरा ‘तिकडचा’ झालेला.

त्या लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. नवऱ्याकडे आल्या तरी सोवळे त्यांचे त्यांच्यापाशी, चूल वेगळी. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही, ही त्या उतावळ्या कवीच्या आयुष्यातली मोठी शहाणपणाची गोष्ट. जातिभेद माणसांनी केलेला आहे हे बाईंच्या मनाने आधी घेतले, ख्रिस्त नंतर घेतला. १९०० साली राहुरीला त्यांचा बाप्तिस्मा झाला. राहुरी आमच्याच जिल्ह्यात, इथून फार दूर नाही. मधल्या पाच वर्षांत नवऱ्याचे काय झाले, लोक काय बोलतात, माहेर कसे तुटते, सगळे त्यांनी पाहिले होते. फरारबाईंचे दुसऱ्यांदा गलबतात चढणे आणि लक्ष्मीबाईंचा हा उशिरा आलेला होकार मी एकाच पंक्तीला बसवतो. कुणाला पटणार नाही. चर्चासत्रात खुशाल खोडून काढावे.

टिळकांवर मात्र अन्याय नको. १९१७ साली, पंचावन्न उलटल्यावर, त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. तो निर्णय १८९५च्या निर्णयासारखा नव्हता. मिशन, मंडळी, संसाराचा खर्च, सगळे भोगून झाले होते. दोनच वर्षांनी ते गेले. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुरे केले लक्ष्मीबाईंनी, ज्यांना लिहा-वाचायला लग्नानंतर नवऱ्यानेच शिकवले होते. बालकवी ठोंबरे या टिळकांच्याच घरी राहिले, हे आम्ही नगरकर पाहुण्यांना सांगितल्याशिवाय सोडत नाही. आजही सोडले नाही.

बायबल मी थोडेफार वाचले ते कॉलेजात. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ साली अहमदनगर कॉलेज काढले. त्याआधी जिल्ह्यातल्या मुलांना पदवीसाठी पुणे गाठावे लागे. दुष्काळी भागातल्या पोरांना ते परवडणारे नव्हते, आणि मला तर मुळीच नव्हते. तिथल्या ग्रंथालयात वाचलेली गेथशेमाने बाग डोक्यात राहिली. येशूला पुढे काय वाढून ठेवले आहे ते ठाऊक आहे, हे टळो अशी तो बापाला विनवणी करतो, घाम गाळतो, आणि ज्यांना जागायला सांगितले ते झोपलेत. तिथे धैर्य म्हणजे भीती नसणे, असे मला तरी दिसले नाही. आपल्याकडे येणारा माणूस, नोकरी सोडू की नको, ऑपरेशन करू की नको, मोडलेला संसार पुन्हा जोडू की नको, असे विचारतो. बहुधा त्याला सगळे धोके पाठ असतात. पुढचे आपण जाणता. मी कापडवाला, माझी हद्द इथे संपली.

आता व्यवस्थेविषयी. उणिवा पुष्कळ आहेत, त्या पोटात घालाव्यात. तारकपूर स्थानकावर स्वयंसेवक होते, पण पहाटेच्या गाडीने आलेल्यांना ते सापडले नाहीत असे कानावर आले. त्यांची क्षमा मागतो. भगिनींची सोय वसतिगृहात केली आहे. गरम पाणी सकाळी सहा ते साडेसात, बादल्या कमी आहेत, आपसांत जमवून घ्यावे. वीज गेली तर जनरेटर आहे, मात्र तो सुरू होईपर्यंत वक्त्यांनी थांबू नये, आवाज चढवावा. मंडपात पंखे मागच्या बाजूला अधिक लागले आहेत. मान्यवर पुढे घामाघूम आहेत, तरी आता हलवता येत नाहीत.

दात्यांची नावे वाचू नयेत असा त्यांचाच आग्रह आहे. तरी ऋण मानलेच पाहिजे. दाळमंडईतल्या व्यापाऱ्यांनी धान्य आणि डाळ दिली. माळीवाड्यातल्या भाजीवाल्यांनी दोन्ही दिवसांची भाजी दिली आणि पैसे घेतले नाहीत, उलट कोथिंबीर वरून टाकली. भिंगारच्या एका मुस्लिम बंधूंनी मंडपाचे निम्मे भाडे सोडले, त्यात माझ्या शब्दापेक्षा त्यांच्या मनाचा वाटा मोठा. शहरातल्या डॉक्टरांनी औषधपेटीसह एक गाडी उभी केली आहे. मंडळीतल्या महिलांनी काल रात्री बारापर्यंत पिशव्या भरल्या आणि तरुण संघाने खुर्च्या मांडल्या. कापडी पिशव्या आमच्या दुकानाच्या आहेत. त्यावर दुकानाचे नाव छापलेले नाही, याची नोंद व्हावी. एका देणगीदाराने फलक मागितला होता. आम्ही नम्रपणे नाही म्हटले, त्यांनी देणगी तरीही दिली. त्यांचे दुप्पट आभार.

जेवण साडेबाराला. आज शिपी आमटी, भाकरी आणि भात आहे. आमटी तिखट आहे, विदर्भातल्यांनी हसू नये आणि कोकणातल्यांनी घाबरू नये. ताक भरपूर ठेवले आहे. भोजनाची कुपने नोंदणीच्या पिशवीत आहेत, ती बसल्या जागी विसरू नयेत. मागच्या वर्षी अध्यक्षांचेच कुपन हरवले होते, असे ऐकतो.

आता उद्घाटकांना विनंती, त्यांनी समईजवळ यावे. काडेपेटी माझ्या खिशात आहे.