खालचा आकडा



आमच्या गडमुडशिंगीत दिवसाचा पहिला हिशेब असतो दुधाचा. किती लिटर घातलं, फॅट किती लागली, पासबुकात चढलं का. माझ्या घरात त्या पासबुकाशेजारी आता आणखी एक वही असते. तिच्यात माझ्या नाडीचे ठोके लिहिलेले आहेत. डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, मला पेसमेकर बसवलाय.

बसवून घरी आलो तेव्हा वाटलं, आता ठोके घड्याळासारखे पडणार, कधीही बघा, आकडा एकच. मुलानं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आणलं होतं. दिवसातनं वीसदा लावायचो. एकदा ७२, जिना चढून आलो की ९८, आणि एका संध्याकाळी ४२! शेजारचे तात्या दारातनंच म्हणाले, "मशीन बंद पडली व्हय?" रात्री गाडी करून दवाखाना गाठला. तपासलं, तर यंत्र ठणठणीत.

तेव्हा डॉक्टरांनी उलगडून सांगितलं. पेसमेकर सारखा ठोके देत बसत नाही, तो पाळतीवर असतो. माझ्या यंत्राचा खालचा आकडा आहे मिनिटाला ६० ठोके. म्हणजे सेकंदभर वाट बघायची. हृदयाचा आपला ठोका आला तर गप्प राहायचं, नाही आला तर आपण द्यायचा. वरच्या बाजूला तो हृदयाला अडवत नाही. ताप आला, पायऱ्या चढलो, भावकीत भांडण झालं की नाडी वाढणारच. मग ४२ आले कुठनं? मध्येच एखादा ठोका वेळेआधी पडतो. तो इतका हलका असतो की बोटापर्यंत पोचत नाही. यंत्राला तो कळतो, ऑक्सिमीटर गाळतो. काहींच्या यंत्रात रात्रीच्या झोपेसाठी आकडा मुद्दाम उतरवलेला असतो, तेही विचारून घ्यावं.

आता मी सकाळी चहाच्या आधी पाच मिनिटं शांत बसतो. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवायची. अंगठा टेकवायचा नाही, त्याची स्वतःचीच नाडी लागते. आणि मोजायचं पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं की चुकलेला ठोका निसटतो. वहीत आकडा लिहिला की दिवसभर पुन्हा बघायचं नाही, हा आमच्या मंडळींचा हुकूम.

माझी सारी नोकरी झाली गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत. इंडक्शन भट्टीजवळ आता जायचं नाही, अशी मला सक्त ताकीद आहे. तिथल्या चुंबकी क्षेत्रामुळं यंत्राची फसगत होऊ शकते. ठोका पडला असं समजून ते गप्प बसतं. मोबाईलही डाव्या खिशात ठेवत नाही.

भीती वाटली की मला स्वीडनचे आर्ने लार्सन आठवतात. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये शरीरात पेसमेकर बसवलेले ते पहिले रुग्ण. ते पहिलं यंत्र काही तासच चाललं. पुढं एकूण २६ यंत्रं झाली, आणि ते गेले २००१ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी. यंत्र बनवणारे एल्मक्विस्ट आणि बसवणारे सेनिंग, दोघेही त्यांच्याआधी गेले.

मात्र काही गोष्टी वहीत लिहून थांबायच्या नसतात. दोन-तीनदा मोजूनही नाडी खालच्या आकड्याच्या आत लागली, किंवा चक्कर, डोळ्यांपुढं अंधारी, दम, न थांबणारी उचकी असं काही झालं, किंवा टाक्यांची जागा लाल होऊन सुजली, तर त्याच दिवशी दवाखाना. शुद्ध हरपली तर १०८ ला फोन.

ज्यांना यंत्र बसवलंय, त्यांनी पुढच्या तपासणीत एवढं विचाराच: माझा खालचा आकडा किती? पेसमेकरच्या कार्डासोबत तो चिठ्ठीवर लिहून ठेवा आणि घरातल्या माणसालाही सांगून ठेवा.